विषय क्रमांक चार

मंडळाचा सेक्रेटरी दशरथ परब याने फळ्यावर राहिलेली तिसरीच्या वर्गाची बेरीज ओल्या फडक्याने पुसली आणि खडूने ठसठशीत अक्षरांत लिहिलं: वार्षिक सर्वसाधारण सभा, जून १९८४. हात झटकून तो मागे सरकला, अक्षर सरळ आलंय का ते पाहिलं आणि इतिवृत्ताची वही उघडली.

जोगेश्वरीच्या म्युनिसिपल शाळेतला हा वर्ग गावच्या मंडळाला वर्षातून एका रविवारी मिळायचा. छोट्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसली होती. शेवटच्या बाकावर बायकांमध्ये उत्तरा होती, दशरथची मुलगी. तिचं बी.एस्सी.चं पहिलं वर्ष झालं होतं. दुसऱ्या वर्षाची फी उद्या, सोमवारी, दुपारी बारापर्यंत भरायची होती आणि घरात तिच्या निम्मेही पैसे नव्हते.

पहिल्या वर्षी आईची भिशी लागली म्हणून भागलं. यंदा भिशीच मोडली. ईबीसीच्या फीमाफीसाठी बाबांच्या मिलमधून पगाराचा दाखला हवा होता, आणि मिलच्या गेटला संपापासून कुलूप होतं. कॉलेजच्या क्लार्कने फॉर्म तिसऱ्यांदा परत केला, तेव्हा शेजारची मालन म्हणाली होती, "गोरेगावला आमच्या कंपनीत बाटल्यांना लेबलं लावायला पोरी घेतायत. मंगळवारी ये माझ्याबरोबर." उत्तरा हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती. आता सगळं मंडळाच्या विद्यार्थी निधीवर अडलं होतं.

त्या निधीचा नियम दशरथनेच करून घेतलेला. पाच वर्षांपूर्वी एका दुकानदाराने गुपचूप चिठ्ठी पाठवून मुलासाठी पैसे उचलले होते. दशरथ तेव्हा मिलमध्ये परमनंट, दोन साच्यांवर कापड विणणारा माणूस. भर सभेत कडाडला होता, "ज्याला पाहिजे त्यानं चार माणसांत उभं राहून मागावं. बापानं मागावं, नायतर पोरानं मागावं. चिठ्ठीचपाटी बंद!" टाळ्या पडल्या होत्या. उत्तरा तेव्हा नववीत होती आणि बापाच्या अभिमानाने तिला त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं.

आता तो गोरेगावच्या एका सोसायटीत वॉचमन होता. मंडळात मात्र त्याने "कंपनीत चिकटलो" एवढंच सांगितलं होतं. आज सकाळी उत्तराच्या आईने विचारलं, "विषय काढशात मा?" पांढरा शर्ट अंथरुणाखाली घडी घालून ठेवला होता, तो काढून दशरथ कॉलर हाताने सारखी करत बसला.

सभा सुरू झाली. मागचं इतिवृत्त वाचून झालं, जमाखर्च मंजूर झाला, देवळाच्या कौलांवरून दोन म्हाताऱ्यांचं वाजलं आणि मिटलं.

"विषय क्रमांक चार," दशरथ म्हणाला. "विद्यार्थी साहाय्य. यंदा तिघांना पुरेल एवढा निधी आहे. ज्यांची मागणी आहे त्यांनी उभं राहावं."

वनमाला उभी राहिली. तिचा नवरा गेल्या वर्षी गेला होता. "पोराक डिप्लोमा करूचो हा," एवढं बोलली आणि पदर तोंडाला लावून खाली बसली. मग बाळा राणे उभा राहिला, धाकट्याच्या बी.कॉम.साठी. "संपान वाट लावली, आनी काय सांगू?" तो म्हणाला, आणि उगाच हसला. दशरथने दोन्ही नावं लिहिली.

"आणखी कोणी?"

उत्तराने मान वर केली. आता बाबा वही मिटतील, घसा खाकरतील, म्हणतील, 'आणि माझी स्वतःची एक मागणी आहे.' ती वाट पाहत राहिली. दशरथ वहीकडे बघत होता.

"आणखी कोणी आहे का? विद्यार्थ्यानं स्वतः मागितलं तरी चालतं."

आपणच उठावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. तिने बाकाची कड धरलीही. पण मग सगळ्या माना मागे वळल्या असत्या आणि तिथून फळ्यापाशी उभ्या असलेल्या त्या पांढऱ्या शर्टाकडे गेल्या असत्या. सेक्रेटरीची पोरगी मागते! कंपनीत आहे ना हा? कोणत्या कंपनीत? बाबांना मागायचं नाही, हे आता तिला कळलं होतं. मग त्यांना उघडं पाडायचं आपण? तिने कड सोडली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. डोळे भरून आले म्हणून मान खाली घातली.

"शेवटचं विचारतो. आणखी कोणी?"

खाली मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांचा गलका वर येत होता. अध्यक्ष म्हणाले, "परब, घ्या पुढचा विषय. चहा निवतोय." दशरथने लिहिलं: दोन मागण्या मंजूर. शिल्लक रक्कम पुढील वर्षी.

घरी जायच्या कांदिवलीच्या बसला वेळ होता. मोठ्या रस्त्यावरच्या स्टॉपवर दोघं बाजूबाजूला उभी राहिली. दशरथच्या काखेत वही होती. तो समोरच्या बंद दुकानाची पाटी वाचत असल्यासारखा बघत राहिला.

"तू उभी कित्याक नाय रवलंस गो?"

उत्तराने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

"माझ्या तोंडातून निघना," तो म्हणाला. "तू रवतलंस म्हणान थांबलंय. तीन-तीनदा विचारलंय. वर सांगलंय पण, पोरानं मागितलं तरी चालतं म्हणून. आणि तू आपली मान खाली घालून बसलंस."

तिच्या जिभेवर आलं होतं, तुमच्यासाठीच बसले बाबा. पण तेवढं ऐकलं असतं तर हा माणूस पुन्हा कधी त्या फळ्यापाशी उभा राहिला असता का? तिने ओढणीचं टोक मुठीत धरलं.

"माझं लक्षच नव्हतं," ती म्हणाली. "खाली पोरं खेळत होती ना, तिकडे बघत होते."

"लक्ष नव्हतां?" दशरथला खराच राग आला, आणि रागावल्यावर त्याला जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. "अगो, वर्ष गेलां तुझां! अशा वेळेक लक्ष ठेवूक नको?"

"हो बाबा," ती म्हणाली. "चुकलंच माझं."