कान फाटलेली वाघीण

सायवनच्या पाड्यावर वाघदेवाचा लाकडी खांब आहे. वर चंद्र-सूर्य, खाली वाघ. खांब सागाचा असला तरी शेवटी लाकूडच. पोकळ झाला की नवा करायचा. ते काम हाल्याच्या घराकडे. त्या घराचा एक नेम आहे. ज्याने वाघ समोरासमोर पाहिला असेल, त्याच्या सांगण्यावरून तोंड कोरायचं आणि दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला, पहिला शेंदूरही त्यानेच लावायचा. मी तिथल्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा वाघ पाहिलेली म्हातारी माणसं अजून होती. खोकत खोकत, हातवारे करून सांगायची. आता बिबट्यापलीकडे कुणी काही पाहिलेलं नाही.

हाल्या माझा विद्यार्थी. त्याचेही केस आता पांढरे झालेत. गेल्या उन्हाळ्यात तो डहाणूला माझ्या घरी आला आणि चिकूची पिशवी ओट्यावर ठेवत म्हणाला, "बाई, नवा खांब करायचा हाय. साग मिळाला, पण सांगणारा कोणी नाय. कॅलेंडरवरचा वाघ कोरू काय?"

"मुळीच नको. मी बघून येते."

"तुम्ही?" तो हसायला लागला. "बाई, वाघ तुम्हाला बघून पळंल. आम्ही पळायचो तसा."

माझा भाचा शैलेश वाघ बघायच्या सहली नेतो. भावाची रेल्वेत सारखी बदली व्हायची, म्हणून हा शाळेपुरता माझ्याकडेच वाढला. त्याच्या जाहिरातीत असतं, 'वाघ जवळून, फोटो तुमच्या हातून'. मी त्याला हाल्याचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आत्या, तुझा वाघ पक्का."

चंद्रपूरकडच्या जंगलात गेलो. मोबाइल गेटवरच ठेवून घेतले. पहिले दोन दिवस नुसती धूळ खाल्ली. शेवटच्या सकाळी बांबूतून वाघीण रस्त्यावर आली आणि सरळ आमच्याकडे चालत निघाली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. शैलेशने त्याचा कॅमेरा माझ्या हातात दिला. "दाब, आत्या. दाबून धर." ती इतकी जवळ आली की तिचा श्वास ऐकू येत होता. तिचा डावा कान टोकाला फाटलेला होता, पाटीचा कोपरा फुटावा तसा. तिने माझ्याकडे पाहिलं. मी बटण दाबलं. मग ती जीपच्या चाकाजवळून, अगदी सावकाश, निघून गेली.

"दाखव ना," मी म्हटलं.

"घरी मोठा करून देतो."

फ्रेम आली. पंजा उचललेला वाघ, मिशीला चिकटलेलं वाळकं पान, खाली 'छायाचित्र: यमुनाआत्या'. दोन्ही कान धड.

"अरे, हिचा कान फाटलेला होता."

"आत्या, तो कोनाचा फरक असतो. कॅमेरा खोटं नाही बोलत." माझ्या खांद्यावर हात ठेवून तो हसला. "आणि तुझं वयही झालं ना आता."

इतक्या प्रेमाने म्हणाला की मी मानलं. फोटो हाल्याकडे पाठवला. पण त्यानंतर सगळा पावसाळा मी स्वतःला तपासत राहिले. गॅस बंद केला का, किल्ली कुठे ठेवली. जुन्या वर्गांची हजेरी मनातल्या मनात म्हणायची, एखाद्या नावाला अडखळले की पुन्हा पहिल्यापासून.

नवरात्रात शेजारच्या दक्षाबेनने चहाला बोलावलं. नवा सोफा घेतला होता. "यमुनाबेन, माझा वाघ तर बघा! शैलेशभाईबरोबर गेले होते ना फेब्रुवारीत."

सोफ्याच्या वर पंजा उचललेला वाघ होता. मिशीला तेच पान. खाली 'छायाचित्र: दक्षाबेन'.

"मीच काढला," ती म्हणाली. "हात काय थरथरले होते!"

मी छान आहे म्हटलं. चहा पूर्ण प्यायले.

वाघबारशीच्या सकाळी शैलेश गाडी घेऊन आला. त्याला शेंदूर लावतानाचा व्हिडिओ हवा होता. गंजाड गाव मागे पडल्यावर मी विचारलं, "माझा फोटो कुठे आहे?"

"दिला ना."

"तो दक्षाबेनचाही आहे."

"तुझा हलला होता गं. सगळ्यांचेच हलतात. लोक पैसे भरून येतात, भिंतीवर पिवळा डाग लावतील का? एक चांगला आहे तो देतो. कुणाचं काय बिघडलं?"

"मला माझा डाग दे."

"डिलीट केला."

"कान फाटलेला होता ना, शैलेश? तू शेजारीच होतास."

त्याने गिअर बदलला. "होता," तो म्हणाला.

पाड्यावर माणसं जमली होती. नवा खांब उभा होता आणि खांबावरचा वाघ देखणा होता, दोन्ही कान धड. धाकली, हाल्याची बायको, शेंदराचं ताट घेऊन पुढे आली.

"बाई," हाल्याने सगळ्यांदेखत विचारलं, "हेच तोंड ना?"

शैलेश मोबाइल धरून माझ्या मागे होता. हळूच म्हणाला, "आत्या, हो म्हण. लोक खोळंबलेत."

"नाही," मी म्हटलं. "हा वाघ मी पाहिलेला नाही. मी पाहिली तिचा डावा कान फाटलेला होता."

हाल्याने शैलेशकडे पाहिलं. "मग हा फोटू कोणाचा? भाऊ, तुम्ही पाहिला हा वाघ?"

शैलेशने मोबाइल खाली केला. "नाही. मला कुणीतरी पाठवला होता."

"म्हणजे इथं कोणीच नाय पाहिला," धाकली म्हणाली.

हाल्याने पटाशी घेतली. "बाई, कुठून फाटला ते बोट ठेवा." मी बोट ठेवलं. एक ढलपी उडाली, माझ्या पायाशी पडली. मग मी शेंदूर लावला.

"चल आत्या, बस गाडीत," शैलेश म्हणाला.

"मी एसटीने येईन."

खिडकीशी बसले. मी सायवनला शिकवायची तेव्हा त्याच्या शाळेला सुट्टी असली की लहानगा शैलेश माझ्याबरोबर याच रस्त्याने यायचा. खिडकी माझी म्हणून भांडायचा आणि डहाणू येईपर्यंत झाडीत डोळे लावून बसायचा. दर वळणावर विचारायचा, "आत्या, दिसला का गं वाघ?" दिसला म्हटलं असतं तर केवढा खूश झाला असता. मी म्हणायचे, "नाही रे. आज नाही."