पाचवं डोकं

सिंगापुरातल्या तोआ पायो वस्तीच्या बसथांब्यावर गिओक लानने बूनचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की पोरगं कुरकुरलं. गेल्या साली याच गर्दीत ते मनगट तिच्या हातून सुटलं होतं. पुढच्या थांब्यावर तो सापडला, पण तेव्हापासून बसचं दार उघडलं की ती दोन पावलं मागे सरे.

मग वैरवन अंकलची निळी गाडी आली आयुष्यात. सकाळी शहराच्या मधल्या भागात गाडी न्यायची तर पैसे पडत. आत चौघं असली की माफ. म्हणून गाडीवाले बसच्या रांगेतूनच माणसं उचलत. अंकल, त्यांची बायको सेल्वी आंटी, भाताची पुडकी विकणारी रोकिया, सगळ्यांची मकचिक म्हणजे मावशी, आणि गिओक लान. झाले चार. त्या भागाच्या वेशीवर रस्त्यावर कमान होती; तिच्याखालचा पहारेकरी डोकी मोजायला आत डोकावला की मांडीवरचा बून ओरडे, "पाच!"

"तू फुकट रे," अंकल म्हणत. "तुझं डोकं धरत नाहीत अजून."

आंटीच्या वेणीतला मोगरा, मकचिकच्या टोपलीतून येणारा नारळाच्या भाताचा वास, मांडीवर पेंगणारं पोर. त्या मागच्या सीटवर गिओक लानला कधी भीती शिवली नव्हती.

आजपासून ती माफी बंद. चौघं असा नाहीतर एकटे, पैसे भरा. अंकलनी गाडी घरी ठेवली आणि इस्त्रीचा शर्ट घालून तेही रांगेत आले. बस समोरून निघून गेली, सगळ्यांच्या पुढे उभे असलेले अंकल नुसते बघत राहिले.

"अहो मोटारवाले," मकचिक खेकसली, "हात कोण करणार? बसला काय स्वप्न पडतंय तुम्ही उभे आहात म्हणून?"

"मला वाटलं, थांबा आहे म्हणजे थांबेल."

आंटी पदराआड हसली.

पुढची बस थांबली. मागून आलेल्या लोंढ्याने सगळ्यांना आत रेटलं, कुणाची तरी पिशवी मध्ये घुसली, आणि गिओक लानच्या हातात काहीच उरलं नाही.

"बून!" तिला वळताही येईना. "माझं पोर! दार लावू नका!"

माणसांच्या पाठीच पाठी. तेवढ्यात मागच्या बाजूने अंकलचा भसाडा आवाज आला.

"पाच!"

मान उंच करून तिने पाहिलं. बून अंकलच्या खांद्यावर, दोन्ही मुठींत त्यांचे पांढरे केस. खाली आंटीचा मोगरा, शेजारी मकचिकची टोपली.

बस कमानीखालून गेली. आत कुणी डोकावलं नाही. बूनने वाट पाहिली आणि मग हिरमुसून विचारलं, "अंकल, आज कुणी मोजत का नाही?"

"मी मोजलं ना," अंकल म्हणाले. "केस सोड आधी."