सांबराच्या कपाळावरचे भोक

यांजिव नावाच्या बाईला मुलगा झाला आणि नाळ कापायला घरात धारेची सुरी सापडेना म्हणून शेजारून मागून आणावी लागली, त्या वर्षीच्या वसंतात माझा जन्म झाला. मित्रांनो, मी सांबराचा एक जुना मुखवटा आहे. मंगोलियातल्या एका बौद्ध मठात मी नाचत असे.

चोइदोग नावाच्या म्हाताऱ्या लामाने मातीच्या साच्यावर कागद आणि चिंध्यांचे थर सरसाने चिकटवून मला घडवले. वर खरी शिंगे बसवली. मी एवढा मोठा होतो की नाचणाऱ्याचे डोके माझ्या जबड्यापाशी येई आणि वरचे कपाळ पोकळच राही. मला घालणार होता यांजिवचा थोरला भाऊ, सोदनोम लामा.

"चोइदोगदादा, एवढे मोठे डोळे काढलेत, पण मला त्यांतून काहीच दिसणार नाही!"

"डोळे लोकांनी भ्यावं म्हणून. तुला बघायला माझ्या सांबराचं तोंड आहे. तुझं स्वतःचं तरी कधी मिटतं का?"

दर उन्हाळ्यात मठाच्या अंगणात पिठाचा एक माणूस निजवत. वर्षभराची रोगराई, वैर, गुरांची साथ त्या पिठात कोंडली आहे, असे सगळे मानत. शेवटी मी येई. सोदनोमच्या हातात तलवार असे. आम्ही त्या पिठाच्या माणसाचे हात तोडत असू, पोट फाडत असू, मुंडके उडवत असू. मुले आईच्या पाठीमागे लपत. अर्धवट कापून सोडला, तर कोंडलेले सगळे सुटून लोकांच्या अंगावर येईल, असा धाक होता. मित्रांनो, त्या कापाकापीचा मला फार अभिमान होता.

यांजिवचा मुलगा शारव काही वर्षे याच मठात शिकला. मामाने त्यालाही मला घालून नाचवले होते. पुढे धर्माविरुद्ध उठलेल्या नव्या सरकारने त्याला फौजेत ओढले आणि मठांना कुलपे लागू लागली.

एका उन्हाळ्यात नाच रंगात असताना सरकारी घोडेस्वार अंगणात घुसले. त्यांनी ढोल फोडले, म्हाताऱ्या लामांना लाथांनी तुडवले. नाचणारे मुखवटे टाकून पळाले. सोदनोम मात्र थांबेना. पिठाच्या माणसाचे हात तुटले होते, मुंडके बाकी होते.

तुकडीचा नायक शहरात वाढलेला होता. असा नाच त्याने कधी पाहिला नव्हता. त्याने एका शिपायाला पुढे ढकलले. तो शारव होता.

"तुझाच मामा ना हा? मग तूच संपव. डोळ्यांच्या मधोमध मार."

शारवने नेम धरला. गोळी माझे कपाळ फाडून मागून निघाली. सोदनोमच्या टकलाला नुसती ऊब लागली. तो गुडघ्यांवर कोसळला आणि आतल्या आत पुटपुटला, "माझाच भाचा खरा!"

आता फक्त मेल्यासारखे पडून राहायचे होते. पडून राहा, लामा, असे मी मनातून विनवत होतो. पण माझ्या तोंडातून त्याला समोरचा अर्धा पिठाचा माणूस दिसत होता आणि त्याच्या पलीकडे गर्दीत उभी असलेली यांजिव.

"हे त्यांच्या अंगावर सोडू होय?" असे म्हणून तो उठला. दोन घाव घातले. पिठाचे मुंडके धुळीत गडगडले.

नायक धावत आला. माझ्या तोंडात त्याला जिवंत डोळे दिसले. त्याने पिस्तूल माझ्या जबड्यात खुपसले आणि चाप ओढला. माझ्या आतल्या चिंध्या रक्ताने भिजल्या.

मग तो शारवकडे वळला. "तुला ठाऊक होतं, तो कुठून बघतो ते!"

"होतं."

"मग?"

"डोळ्यांच्या मधोमध मार म्हणालात. मारलं."

बंदुकीच्या दस्त्यांनी त्याचे दात पाडून त्याला घोड्याला बांधून नेले. मुखवट्यांचा ढीग पेटला, तेव्हा यांजिवने मला उचलले.

"हे कुठं नेतेस, बाई?"

"चुलीत घालायला. तुमच्या आगीला काय, पुष्कळ मिळालंय."

शिपाई हसले. तिने मला गोवऱ्यांच्या ढिगाखाली पुरले. तिथे उंदरांनी माझे कान कुरतडले, रंग उडाला, शिंगाचे टोक मोडले. मी कुणाला आठवत नव्हतो, एका तिच्याशिवाय.

पुढे दिवस पालटले, मी ढिगाखालून बाहेर आलो आणि आता संग्रहालयात काचेआड असतो. परवा एक कारागीर लगदा घेऊन माझे कपाळ लिंपायला आला होता. मित्रांनो, त्याला एवढे सांगा. माझा रंग खुशाल उजळा, उंदीर-वाळवीपासून मला जपा, पण कपाळावरचे भोक बुजवू नका. एका पोराने मामाला वाचवण्यासाठी ते पाडले आहे.

सोदनोम लामा त्या नाचाच्या दिवशी दुपारी मेला. शारवला त्याच वर्षी, पहिला बर्फ पडण्याआधी, गोळी घातली. यांजिव म्हातारी होऊन, नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात, ज्याला आमच्याकडे पांढरा महिना म्हणतात, आपल्या अंथरुणात गेली.