गुलबहारात नारदाची गादी

कळंबोलीच्या लोखंड बाजारामागे ‘हॉटेल गुलबहार’ आहे. तिथेच भाड्याने राहणाऱ्या कमळाकरने हॉलमध्ये कीर्तन ठेवायचं ठरवलं, तेव्हा आधी देवालाच घाम फुटला असेल. ट्रकवाले थांबेनासे झाले, बार बुडाला आणि मालकाने लॉजच्या खोल्या हमाल, वॉचमन, धुणीभांडी करणाऱ्या बायांना स्वस्तात भाड्याने दिल्या. खोलीगणिक एक संसार. खालचा हॉल मात्र तसाच राहिला, गोल स्टेज आणि भिंतभर आरसे. विठोबा आलाच तर चारी बाजूंनी दिसेल, एवढी सोय कुठल्या देवळात आहे?

पण कीर्तनकार नंदकिशोरबुवा कडक सोवळ्याचे, भलत्या जागी उभे राहत नसत. म्हणून कमळाकरने फोनवर ठोकून दिलं, “बुवा, जुनी धर्मशाळा आहे.”

पूर्वरंग असा रंगला की कमळाकरचे डोळे भरून आले. मध्यंतरात हार घालायचा मान त्याने इमारतीतल्या सगळ्यांत जुन्या माणसाला दिला. ते अय्युबचाचा, एकेकाळचे इथले मॅनेजर. चाचांनी हार घातला आणि गहिवरून म्हणाले, “लई वर्षांनी या स्टेजवर गाणाऱ्याला हार पडला, बुवा. तेव्हा नोटांचे पडायचे.”

हार सावरता सावरता बुवा थांबले. “कसल्या नोटा?”

“ऑर्केस्ट्रा बार होता ना हा! कमळाकरभाऊ बोलले नाहीत?”

“धर्मशाळा म्हणाला होता.”

“मग खोटं काय त्यात?” मागून चांगुणाबाई ओरडली. ती तेव्हा इथे लादी पुसायची. “समद्या धर्माचे येत हुते की!”

हॉल खदखदून हसला. नारदाच्या गादीवरून कीर्तन संपेपर्यंत उतरायचं नसतं. तरी बुवांचा एक पाय उचललेला कमळाकरला दिसला. तो पाय खाली टेकला असता, तर गुलबहारात पुन्हा कुणी बुवा फिरकला नसता. कमळाकर हात जोडून पुढे धावला.

“बुवा, इंद्राच्या दरबारात रंभा नाचते, तिथे नारद जातोच ना? तिथे कुठे सोवळं विचारतो तो? मागच्या साली पनवेलला तुमीच सांगितलंत! मी पहिल्या रांगेत होतो.”

बुवांचं कीर्तन बुवांच्याच अंगावर आलं. पाय हळूच गादीवर परत आला.

“अय्युबभाई,” बुवा म्हणाले, “इथे पेटीपाशी बसा. अडलो की सांगत जा. उत्तररंगात आज या इमारतीचंच आख्यान.”

मग बुवांनी उपरणं सावरलं, चिपळ्या वाजवल्या आणि खडा सूर लावला,

“ऐका हो! कळंबोली नगरीत कमळाकर नावाचा एक महाथापाड्या राहत होता...”

सगळ्यांत मोठी टाळी कमळाकरचीच पडली.