कानबाईला निघालेली गाडी

दोन हजार बावीस साली, श्रावण लागायच्या जरा आधी, सुरतेतल्या नवागामला सुंदराबाईंच्या दारात लखनची गाडी येऊन उभी राहिली. गाडी जुनीच, दोन मालक बघून आलेली. पण लूमवर आयुष्य गेलेल्या त्या गल्लीत तोवर कुणाच्या दारात चारचाकी आली नव्हती. सुंदराबाईंनी चाकांना हळदकुंकू वाहिलं आणि नातवाला बजावलं, "यंदा कानबाईले मी या गाडीम्हाच जासू."

त्यांना घाई होती. शहाद्याकडच्या गावी घरची कानबाई, खानदेशातली श्रावणातली देवी, थोरल्या जाऊबाई, पार्वतीबाई, मांडायच्या. यंदा त्यांनी निरोप धाडला होता, "आता हात चालत नाहीत. रोटाच्या दिवशी जी सून समोर असेल तिच्या ओटीत नारळ घालते." रोट म्हणजे कानबाईच्या नैवेद्याची जाड पोळी, आणि तो जुना नारळ म्हणजेच घरची कानबाई. नवी नवरी होऊन आल्यापासून सुंदराबाईंनी त्याला लांबूनच हात जोडले होते. आणि आता मणका असा झालेला, की मागल्या वर्षी सोनगडलाच एसटीतून उतरून परत फिरावं लागलं होतं.

हादरे द्यायला लखनची गाडीही काही कमी नव्हती. दिंडोलीपर्यंत चक्कर मारून आल्या तर सुंदराबाईंना चहाचा कप धरवेना. जंपर, म्हणजे हादरे झेलणारे शॉकअब्सॉर्बर, पार मेले होते.

"बदलून टाकू," लखन म्हणाला, पण त्याच्या मनात वेगळंच होतं. त्यानं मोबाईल पुढे केला. "हे बघ आजी, लोअरिंग स्प्रिंग. गाडी कशी जमिनीला चिकटून बसते."

"म्हैस बसेल शे," आजी म्हणाल्या. "आपला गल्लीना खड्डाम्हा पोट घसाई तिनं."

मग पर्वत पाटियाजवळ धर्मेंद्रच्या गाडीच्या सामानाच्या दुकानात त्या स्वतःच गेल्या. त्यांचे यजमान हिलालबाबाही मागोमाग. भिंतभर टांगलेल्या लाल, पिवळ्या, निळ्या स्प्रिंगा बघून सुंदराबाई हरखल्या. एक हातात घेऊन दाबून बघितली, दुसरी मागितली, तिसरी कानाशी नेऊन वाजवली.

"लगनाच्या साडीला एवढा वेळ नव्हता लावला हिनं," हिलालबाबा स्टुलावर टेकले.

"लगननी साडी तुम्ही आणेल होती. दिसतच होतं."

धर्मेंद्र हसला. "मासी, स्प्रिंग वजन तोलते आणि जंपर तिला नाचू देत नाही. एवढंच आहे. गाडी किती भरून चालवता ते सांगा."

आता खानदेशातल्या माणसाला गावची गाडी म्हटलं की परतीचीच गाडी आठवते. जाताना हातात पिशवी असते. येताना गहू, उडीद, कांदे, भरताची वांगी, आणि शहर बघायचं म्हणून कुणाची तरी भाची. सुंदराबाईंनी ते सगळं सांगितलं. धर्मेंद्रनं डोकं खाजवलं.

"मग मागे जाड स्प्रिंग. पण हां, रिकामी असली की आपटेल."

"गावनी गाडी कधी रिकामी ऱ्हास का?"

लखननं खाली बसणाऱ्या स्प्रिंगांकडे एकदा डोळे भरून बघितलं आणि मान हलवली. नवे जंपर, जाड स्प्रिंगा बसल्या. संध्याकाळी गल्लीतल्या चांगल्या भरल्या अंगाच्या बाया मागे कोंबून चक्कर काढली. गाडी तापीतल्या नावेसारखी निघाली. सुंदराबाईंना त्या रात्री झोप लागली नाही, इतका आनंद.

रोटाच्या आदल्या दिवशी निघाले. पाठ आडवी टाकता यावी म्हणून मागच्या सीटवर गादी अंथरली होती. चलथाणच्या नणंदेला, कुसुमला, "जागा नही, गादी टाकेल शे, तुम्ही बसनं या," असा निरोप आधीच गेला होता. म्हणजे पुढे लखन, हिलालबाबा, मागे एकट्या सुंदराबाई, डिकीत एक पिशवी.

पहिल्याच गतिरोधकावर गादीसकट त्या उडाल्या. पुढे प्रत्येक खड्डा मणक्यात जाऊन बसू लागला. कडोदरा यायच्या आतच हिलालबाबा म्हणाले, "फिरव रे गाडी. नारळ ज्याच्या नशिबात असेल त्याला मिळेल." लखनचं तोंड उतरलं. परत दुकानात जाऊन स्प्रिंगा बदलायच्या तर रोटाचा दिवस निघून जाणार.

सुंदराबाई छताकडे बघत दात आवळून पडल्या होत्या. त्यांना वडील आठवले. आजीला बाजाराला न्यायचं असलं की वडील आधी बैलगाडीत मातीची दोन ओली पोती टाकायचे. पोरी विचारायच्या, बैलांना उगाच कशाला भार? ते म्हणायचे, भरली म्हणजे शहाणी होते ती.

"लखन," त्या उठून बसल्या, "कुसुमकडे घे."

कुसुमबाई दारातच बसल्या होत्या, फुगून. "काय वहिनी, बिछाना मोकळा झाला वाटतं?"

"झाला. चला. भाऊजींनाही घ्या."

कुसुमबाईंनी नवऱ्याकडे बोट केलं. "हा दारभर माणूस कुठे मावेल?"

"म्हणूनच तर आलो," लखन म्हणाला, आणि त्यानं सगळं सांगितलं. शालिग्रामभाऊजी हसता हसता खोकायला लागले. कुसुमबाई चप्पल शोधत म्हणाल्या, "आजवर लोक आमच्या वजनाला हसले. आज भाऊ-भावजय न्यायला आले." जाता जाता त्यांनी डिकीत गव्हाचं पोतंही टाकायला लावलं.

गादी काढून ठेवली. दोघांच्या मध्ये सुंदराबाई उशीत ठेवल्यासारख्या बसल्या. गाडी मागून बसली, आणि निघाली ती डुलत. व्यारा गेलं, सोनगड गेलं. मागल्या वर्षी जिथे उतरल्या होत्या ते स्टँड मागे पडलं तेव्हा त्यांनी कुसुमचा हात घट्ट धरला. नवापूरच्या पुढे कुसुमनं कानबाईची गाणी धरली, लखननं हॉर्नवर ताल धरला, हिलालबाबा पुढून चुकीचे शब्द पुरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी रोट भाजून झाल्यावर पार्वतीबाईंनी नजर फिरवली. पाटासमोर सुंदराबाई ताठ बसल्या होत्या. जाऊबाईंनी नारळ ओटीत घातला. "कशी आलीस गं?"

"गाडी भरीसन," सुंदराबाई म्हणाल्या.

पार्वतीबाई त्यानंतर दोन वर्षांनी गेल्या, झोपेतच. धर्मेंद्रनं दुकान मोठं केलं. आता तो गिऱ्हाइकाला जाताना किती भार आणि येताना किती, असं दोन्ही विचारतो. लखनचं लग्न झालं. बायकोच्या, धनश्रीच्या, पसंतीनं त्यानं मधल्या ताकदीच्या स्प्रिंगा बसवल्या. खाली बसलेली गाडी तो अजून मोबाईलवरच बघतो. हिलालबाबांना कमी दिसतं, पण पुढची सीट ते सोडत नाहीत. शालिग्रामभाऊजी साखर कारखान्यातून निवृत्त झाले. कुसुमबाई दर श्रावणात तयार होऊन दारात उभ्या असतात. आणि सुंदराबाई कानबाई मांडतात, नवागामला, आपल्या घरात. रोटाच्या दिवशी सुरतभरचे भाऊबंद तिथे येतात, आणि रोटाचे गहू दळत गाणाऱ्या बायांत त्यांचाच आवाज सगळ्यात वर असतो.