वेणी धरलेली मूठ

बाळ झोपलं की मी कामाला बसते आणि बाळ उठलं की काम झोपतं. आमच्या संग्रहालयातल्या एका व्यंगचित्राखाली लावायचा मजकूर असाच रखडला होता.

चित्र जुन्या युद्धातलं, तेव्हाच्या वर्तमानपत्रात छापलेलं. एक बाई आपलं तान्हं मूल सैनिकाच्या हातात देतेय. बाई म्हणजे देश, मूल म्हणजे उद्याची फौज. मागे रिकामा पाळणा, दोन बंदुकांना टांगलेला. हे चित्र पाहून पोरं भरतीच्या रांगेत उभी राहिली म्हणतात. चित्रकाराला लोक अजून शिव्या घालतात.

पण मला त्यात एक मूठ दिसली. मुलानं आईची वेणी गच्च धरलेली. मला ती दिसणारच, माझे निम्मे केस घरच्या मुठीतच जातात. वाटलं, हा माणूस आतून युद्धाच्या विरुद्ध होता. वरच्यांच्या डोळ्यांत धूळ फेकून त्यानं ही मूठ चित्रात सरकवली. देश द्यायला तयार आहे, मूल जायला तयार नाही! तसंच लिहिलं.

संग्रहालयाच्या प्रमुख बाई खूश झाल्या. "बाळंतपणाच्या रजेत डोकं गंजलं नाही म्हणायचं! फक्त चित्रकाराच्या मुलीला एकदा दाखवून ये."

मुलगी म्हणजे ऐंशीच्या पुढच्या आजी. बाळाला कडेवर घेऊनच गेले, ठेवणार कुणाकडे? मनात होतं, वडिलांवरचा डाग पुसला जातोय, आजींच्या डोळ्यांत पाणी येईल.

आजींनी कागद वाचला. चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"छान लिहितेस गं. पण खोटं आहे."

"पण आजी, ही मूठ..."

"माझीच आहे ती. बाबांनी आईला आणि मला समोर बसवून चित्र काढलं. मी वेणी सोडेना, म्हणून तशीच काढली. मोठेपणी मीही तुझ्यासारखंच विचारलं, फार आशेनं. तर म्हणाले, 'वेडे, ते आईला ओढतंय. चल लवकर, दे मला त्या सैनिकाकडे, म्हणतंय.'"

तेवढ्यात बाळानं आजींच्या चष्म्यावर झडप घातली. त्यांनी तो खुशाल देऊन टाकला.

"दादा सोळाचा होता. हे चित्र बाबांनी त्याच्या खाटेवर भिंतीला चिकटवलं. तो गेला तो गेलाच. बाबा वाईट नव्हते, पोरी. शाळेत जाताना माझी वेणी तेच घालायचे. पण त्यांना यातून सोडवू नकोस. ते सुटले, तर दादाला पाठवलं कुणी?"

घरी येऊन मी माझा अर्थ खोडला. आजींनी सांगितलेला, त्यांच्या बाबांचा, त्या जागी लिहिला. खाली एक ओळ जोडली: चित्रकाराचा सोळा वर्षांचा मुलगा या युद्धातून परतला नाही.

"फार कोरडं झालं गं," प्रमुख बाई फोनवर म्हणाल्या. "आधीचं किती गोड होतं."

"हो," मी म्हटलं. "गोडच होतं."

बाळ मांडीवर होतं, माझी वेणी त्याच्या मुठीत. मूठ उघडायला गेले तर खिदळलं आणि आणखी जोरात हिसका दिला. धरून ठेवतंय की ओढतंय, किती वेळ बघत बसले. मला सांगता येईना.