बारावी खुर्ची

टबातल्या पाण्यात सिस्टरनं कोपर बुडवलं, तांब्याभर गार पाणी ओतलं, पुन्हा कोपर बुडवलं आणि मगच फोरमनचा पाय उचलला. साखरेनं त्या पायाची दोन बोटं नेली होती. उरलेल्याला गार-गरम काहीच कळत नव्हतं, म्हणून त्याच्या वतीनं कळून घ्यायचं काम तिच्या कोपराकडे होतं.

"तुम्ही रोज का येता ते कळतं मला," फोरमन म्हणाला. "माझ्या तोंडून वदवून घ्यायचंय तुम्हाला."

"तोंड तुमचं, तुमच्यापाशीच ठेवा. मला पायाशी काम आहे. सरळ करा."

इस्पितळाच्या ड्रेसिंगच्या खोलीत तीस वर्षं काढल्यामुळे तिला सगळेच सिस्टर म्हणायचे. सख्खा भाऊसुद्धा म्हणायचा, आणि निदान त्याचं तरी चुकत नव्हतं.

कारखान्यात तिच्या नवऱ्याचा हात यंत्रात गेला, तेव्हा यंत्राची जाळी महिनाभर तुटलेली होती. फोरमननं मात्र लिहून दिलं की माणूस प्यायलेला होता. नवरा असा, की खोकल्याचं औषधही वास घेऊन परत ठेवायचा. नोकरी गेली, नाव गेलं, आणि पाच वर्षांनी तो डाग घेऊनच तो वारला. सिस्टर यातलं काही विसरली नव्हती. सगळं विसरून सेवा करायला ती काही संत नव्हती. काही सकाळी तर टब उचलताना वाटायचं, ओतावा सरळ याच्याच डोक्यावर. त्या दिवशी ती पट्टी जरा जास्तच नीट बांधायची.

मुलाला हे कळलं तेव्हा त्यानं समोरचं ताट बाजूला सारलं.

"पायात जाणीव नाही म्हणतेस. मग धुतलास काय, न धुतलास काय, त्याला थोडंच कळणार आहे?"

"मला कळतं ना."

"एकदा तरी चुकलं म्हणाला का तो? चांगला माणूस नाही आई तो."

"चांगल्यांकडे जा म्हणून प्रभूला सांगावं कशाला लागेल? तिथे चहा मिळतो, लोक आपणहून जातात."

मुलगा उठला. यापुढे बाबांच्या कबरीवर माझ्याबरोबर येऊ नकोस, म्हणाला.

"एकटी जाईन. वाट माहीत आहे मला."

बोलून गेली खरी, पण मुलगा एकुलता एक होता. त्यानंतर तो भाजीची पिशवी दाराशी ठेवून बेल न वाजवताच परत फिरायचा. जिना उतरणारी त्याची पावलं ऐकत ती दाराला कपाळ टेकून उभी राहायची आणि दुसऱ्या दिवशी पट्ट्यांची पिशवी घेऊन पुन्हा फोरमनकडे निघायची.

पवित्र गुरुवार जवळ आला. येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून फादर दरवर्षी बारा जणांचे पाय धुवायचे. यंदा त्या बारांत सिस्टरचं नाव होतं, आणि पाण्याचा जग धरायला नेमकी तिच्या मुलाची नेमणूक होती. चर्चच्या सेक्रेटरीनं दारावर सूचना लावली: पाय घरून स्वच्छ धुऊन आणावेत, नखे कापलेली असावीत. सिस्टरनं ती दोनदा वाचली आणि नाकानं हसली.

गुरुवारी संध्याकाळी ती आली ती फोरमनची चाकाची खुर्ची ढकलत. फोरमन नावापुरता चर्चचाच, पण लग्नानंतर तिथे फिरकला नव्हता. त्याला यायचं नव्हतं. पण रोज पाय हातात घेणाऱ्या बाईशी भांडून माणूस जाणार कुठे? तिनं आपली बारावी खुर्ची उचलून बाजूला ठेवली, त्या जागी त्याला आणलं आणि त्याच्या पायाची पट्टी सोडली.

सेक्रेटरी लगबगीनं आला.

"सिस्टर, नाव तुमचं आहे. आणि हा पाय... वास येतोय."

"पायालाच येतो वास. धुतलेलेच पाय धुवायचे तर पाणी तरी कशाला आणलंत?"

"लोक बघताहेत."

"बघू देत."

फादरनी पहिल्या खुर्चीपुढे गुडघे टेकले. ते दुखऱ्या गुडघ्यांवर सरकत एकेका खुर्चीपाशी थांबत होते आणि जग घेऊन मुलगा त्यांच्यामागून येत होता. अकरावा झाला. बाराव्यापाशी मुलगा उभा राहिला. सिस्टरचा नवरा प्यायलेला होता की नव्हता, यावर तिथल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी तोंडसुख घेतलेलं होतं. मुलानं त्या तीन बोटांच्या पायाकडे पाहिलं. जग जमिनीवर ठेवला आणि तो बाजूच्या दारानं बाहेर निघून गेला.

गेला, सिस्टरला वाटलं. एका पायापायी पोटचा मुलगा गेला. सेक्रेटरी तिच्याकडे असा बघत होता, जणू विचारत होता, आता तरी खुर्ची मागे घ्याल ना? तिनं खुर्चीच्या मुठी आणखी घट्ट धरल्या. सेक्रेटरीनं जग उचलायला हात पुढे केला, तर फादरनी मान हलवली आणि ते गुडघ्यांवर तसेच थांबून राहिले.

बराच वेळ गेला. मग बाजूचं दार पुन्हा उघडलं.

मुलाच्या हातात फादरांच्या स्वयंपाकघरातली किटली होती. तिच्या तोटीतून वाफ येत होती. त्यानं ते पाणी फादरांपुढच्या घमेल्यात ओतलं, त्यात जगातलं गार पाणी घातलं, शर्टाची बाही वर सारली आणि कोपर बुडवलं. थोडं गार आणखी घातलं. पुन्हा कोपर बुडवलं. लहानपणी आंघोळीच्या वेळी आपली आई काय करते, हे त्यानं पाहिलेलं होतं. त्यानं ना आईकडे पाहिलं, ना फोरमनच्या तोंडाकडे.

फोरमनचे ओठ हलले. "तुझा बाप त्या दिवशी..."

"आधी पाय सरळ करा," मुलगा म्हणाला.